सोशल गोल्फ क्लबचा वर्षअखेरचा दिवस: खेळ चोख, हिशोब कच्चा

मेलबर्नच्या दक्षिण-पूर्वेकडच्या एका सोशल गोल्फ क्लबने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वर्षअखेरची स्पर्धा घेतली. माणशी १४० डॉलर. त्यात १८ होलची, म्हणजे मैदानाच्या १८ टप्प्यांची ग्रीन फी (मैदानाचं भाडं), सकाळची कॉफी, खेळानंतरचं बार्बेक्यू आणि बक्षिसांचा वाटा आला. कार्ट हवी असेल तर दोघांत मिळून आणखी ५०. पाचपैकी साडेतीन तारे. मैदानावरचे साडेपाच तास वसूल होतात. पैसे खटकतात ते नंतर, क्लबहाउसमधल्या टेबलावर जे झालं त्यासाठी.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. ऑस्ट्रेलियातल्या सोशल क्लबला स्वतःचं मैदान नसतं. चाळीस-पन्नास, कधी शंभर जण वार्षिक वर्गणी भरून एकत्र येतात आणि महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक कोर्सवर वेळ आरक्षित करून खेळतात. पुण्या-मुंबईत गोल्फ म्हटलं की आधी सभासदत्व, त्यासाठीची प्रतीक्षायादी आणि मग बाकी सगळं. इथे बूट, चौदापर्यंत क्लब (गोल्फच्या काठ्या) आणि रविवारची सकाळ एवढ्यावर भागतं. म्हणूनच मेलबर्नमधली बरीच मराठी मंडळी क्रिकेट सुटल्यावर या वाटेला लागतात. वर्षअखेरचा दिवस म्हणजे या सगळ्याची दिवाळी: वर्षभराच्या गुणांवरचा चषक, त्या दिवसाचा वेगळा चषक, आणि नाताळ तोंडावर असल्याने बक्षिसांत हॅम.

खेळाडू ६४. चौघांची एक, अशा १६ चौकड्या. सुरुवात शॉटगन पद्धतीने, म्हणजे सगळ्या चौकड्या एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघतात आणि फिरत फिरत आपल्या आधीच्या होलवर येऊन संपवतात. हा निर्णय शंभर टक्के बरोबर. टी-टाइम लावले असते, म्हणजे चौकड्या पहिल्या होलवरून एकामागून एक सोडल्या असत्या, तर पहिली चौकडी आणि शेवटची चौकडी यांच्यात दोन तासांचं अंतर पडलं असतं. पहिले लोक बिअर पिऊन घरी गेल्यावर बक्षिसं कुणासमोर वाटायची? मेलबर्नच्या हवेचाही प्रश्न आहे. या मोसमात सकाळी उत्तरेकडून कोरडा गरम वारा येतो आणि दुपारी तो अचानक फिरून नैर्ऋत्येकडून येतो. शॉटगनमध्ये निदान सगळे एकाच वाऱ्यात भाजतात.

१६ चौकड्या आणि १८ होल म्हणजे दोन होल रिकामे सोडावे लागतात. कोणते सोडायचे, यावर अख्खा दिवस ठरतो. रिकामे सोडायचे ते पार-३ होल. पार म्हणजे कसलेल्या खेळाडूला त्या होलवर लागायला हवेत तेवढे फटके. पार-४ वर मागची चौकडी पुढच्यांचा दुसरा फटका झाला की निघू शकते, त्यामुळे एका होलवर दोन चौकड्या सहज मावतात. पार-३ वर पुढचे चौघे ग्रीनवरून, म्हणजे खळीभोवतीच्या गुळगुळीत गवतावरून उतरेपर्यंत मागच्यांना टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी उभंच राहावं लागतं. गाडी अडते ती तिथे. शॉटगन वाजताना पार-३ मोकळे असतील तर पहिला तास सुरळीत जातो. इथे आयोजकांनी क्लबहाउसपासून सगळ्यात लांबचे सातवा आणि आठवा हे होल सोडले, म्हणे लोकांची चाल वाचावी म्हणून. दोन्ही पार-४. परिणाम असा की दहाच्या सुमाराला बाराव्या होलच्या टीवर तीन चौकड्या बॅगा टेकवून बसल्या होत्या. १५५ मीटरचा पार-३, समोर पाणी, आणि त्यात याही होलवर नियरेस्ट द पिनची, म्हणजे चेंडू झेंड्याच्या सर्वांत जवळ टाकायची स्पर्धा. म्हणजे प्रत्येक चौकडीची टेपने मोजामोज वेगळी. पावणेपाच तासांत आटपला असता असा खेळ साडेपाच तास चालला.

खेळ एकेरी स्टेबलफोर्ड. शिवाय चौकडीतल्या प्रत्येक होलवरच्या सर्वोत्तम दोन गुणसंख्या धरून सांघिक बक्षीस. अशा दिवसाला याहून योग्य पद्धत नाही. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरांनी ती काढली आणि लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबवर १६ मे १९३२ रोजी तिची पहिली स्पर्धा झाली. हँडिकॅपचे, म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीचे फटके वजा करून पार आला की २ गुण, एक फटका जास्त लागला की १, एक कमी लागला की ३, दोन कमी लागले की ४. दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य, आणि शून्य नक्की झालं की चेंडू खिशात घालून पुढे चालायचं. एका होलवर ११ फटके लागले म्हणून दिवस वाया जात नाही आणि मागचे खोळंबत नाहीत. ३६ गुण म्हणजे आपल्या हँडिकॅपनुसार खेळलो. सवय नसलेल्यांची नेहमीची चूक अशी की शून्य नक्की झाल्यावरही पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू खळीकडे ढकलणं चालूच ठेवतात. चौकडीतल्या जाणत्याने ‘उचला’ म्हणायला लाजू नये.

क्लबने एक स्थानिक नियम लावला होता, त्याचं मनापासून कौतुक. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर एरवी मागे जाऊन तिथूनच पुन्हा मारावा लागतो. २०१९ पासून समित्यांना दुसरा पर्याय देता येतो: चेंडू जिथे गेला असेल त्या अंदाजाने फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याच्या कडेला नवा चेंडू टाकायचा आणि दोन फटक्यांचा दंड घ्यायचा. अट एकच, आधी प्रोव्हिजनल चेंडू, म्हणजे पहिला हरवला असेल या शंकेने तिथूनच मारून ठेवलेला दुसरा चेंडू, मारलेला नसावा. या कोर्सवर सहाव्या होलची उजवी बाजू पूर्णपणे कुंपणाला लागून आहे आणि क्रिकेटमधून आलेल्यांचा चेंडू उजवीकडेच वळतो. ऑफसाइडला कापायची मनगटाची सवय जाता जात नाही. हा नियम नसता तर सहाव्यावर दुसरं बारावं उभं राहिलं असतं. फक्त तो कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापला होता. टीवर घोषणा करताना सांगितला असता तर निम्म्या लोकांनी आधी प्रोव्हिजनल मारून स्वतःचा पर्याय घालवला नसता.

आता हिशोबाचं टेबल.

ऑस्ट्रेलियात हँडिकॅप म्हणजे खिशात घेऊन फिरायचा कायमचा आकडा नव्हे. गोल्फ लिंक या देशभरच्या नोंदणीतल्या आपल्या क्रमांकावर शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून मूळ हँडिकॅप निघतो. त्या दिवशी, त्या कोर्सवर, त्या टीवरून खेळताना किती फटके मिळणार हा दैनिक हँडिकॅप वेगळा. तो काढायची रीत अशी: मूळ हँडिकॅपला त्या टीच्या स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं, त्यात स्क्रॅच रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला त्या टीवरून लागतील असे फटके) वजा पार मिळवायचं, आणि येईल त्याला ०.९३ ने गुणायचं. ११३ हा प्रमाण अवघडपणाचा स्लोप. आकडा जितका वर, तितका तो कोर्स सामान्य खेळाडूला कसलेल्या खेळाडूपेक्षा जास्त छळतो.

या क्लबने ६५ वर्षांवरच्या नऊ जणांना पुढच्या, लाल टीवरून खेळायची मुभा दिली. चांगली गोष्ट, बाकीचे पांढऱ्या टीवरून ५,८५० मीटर खेळत होते, लाल टीवरून ते सुमारे ५,०५० भरतं. पण कार्डं छापताना सगळ्यांचा दैनिक हँडिकॅप पांढऱ्या टीचाच धरला. फरक किती पडतो ते करून पाहा. पांढऱ्या टीचा स्लोप १२४, स्क्रॅच रेटिंग ७१, पार ७२. मूळ हँडिकॅप २२.४ असेल तर २२.४ × १२४ ÷ ११३ = २४.५८, त्यातून १ वजा, २३.५८, गुणिले ०.९३, म्हणजे २१.९३. पूर्णांकात २२. लाल टीचा स्लोप ११५, रेटिंग ६७, पार तोच. २२.४ × ११५ ÷ ११३ = २२.८०, वजा ५, १७.८०, गुणिले ०.९३, १६.५५. म्हणजे १७. पाच फटक्यांचा फरक, आणि तोही ८०० मीटर कमी चालून.

पहिला आला तो याच नवांपैकी एक, ४३ गुणांनी. ४३ ऐकलं की जाणकाराच्या भुवया वर जातात. सोशल क्लबमध्ये अशा वेळी ‘बँडिट’ म्हणून टोमणे सुरू होतात, म्हणजे मुद्दाम हँडिकॅप चढा ठेवणारा. इथे त्या गृहस्थांचा काडीचाही दोष नव्हता. छापून मिळालेल्या कार्डावर ते सरळ खेळले. २०२३ च्या नियमांपासून कार्डावर हँडिकॅप लिहायची जबाबदारीही खेळाडूवर नाही. प्रत्येक होलचे फटके खरे लिहायचे, मार्करची, म्हणजे आपले फटके नोंदवणाऱ्या सहखेळाडूची सही घ्यायची आणि आपली करायची, एवढंच त्याचं काम. बाकीचं समितीचं.

आणि दुरुस्ती अगदी सोपी होती, म्हणून तर राग येतो. अख्खं कार्ड पुन्हा जोडायची गरज नाही. हँडिकॅप २२ असताना प्रत्येक होलवर एक फटका मिळतो आणि सगळ्यात अवघड चार होलवर, म्हणजे इंडेक्स १ ते ४ वर, आणखी एक. १७ वर आलं की ते चार जादा फटके जातात आणि इंडेक्स १८ च्या होलवरचा एकुलता फटकाही जातो. तपासायचे होल फक्त पाच. त्यातला इंडेक्स ४ चा होल त्यांनी आधीच शून्य करून सोडला होता, तिथे गमावण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्या चारांवर एकेक गुण कमी. ४३ चे ३९. पेन्सिलीने दोन मिनिटांचं काम. पण टेबलावरचे दोघे ६४ कार्डांची बेरीज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करत होते, आणि कुणी शंका काढली की ‘नंतर बघू’ एवढंच उत्तर मिळत होतं.

पाहुणे खेळाडू आठ होते, त्यांना अधिकृत हँडिकॅप नाही. त्यांच्यासाठी सिस्टम ३६ वापरली: पार किंवा त्याहून चांगला खेळ २ गुण, एक जास्त १, पुढे शून्य, त्यांची बेरीज ३६ मधून वजा केली की त्या दिवसापुरता हँडिकॅप. नवख्यांना ही पद्धत जरा कडकच पडते, कारण दोन जास्त लागोत की सहा, मिळणारी सूट तेवढीच. पाहुण्यांचं बक्षीस वेगळं ठेवलं, हे उत्तम केलं. भारतातल्या कंपन्यांच्या गोल्फ दिवसांत डबल पेओरिया चालते. तिच्यात १२ होल गुपचूप निवडलेले असतात आणि नशिबाचा भाग मोठा. मुख्य चषकासाठी दोन्ही नकोत.

किरकोळ स्पर्धांची आखणी बरीक अनुभवी हाताची वाटली. लाँगेस्ट ड्राइव्ह रुंद आणि सरळ पंधराव्यावर, दोन गटांत वेगळी. चेंडू फेअरवेवर थांबला तरच मोजायचा. चौथ्यावर स्ट्रेटेस्ट ड्राइव्ह: फेअरवेच्या मधोमध २०० मीटर पांढरी दोरी ताणलेली, तिच्या सर्वांत जवळ चेंडू थांबेल तो जिंकला. लांब मारता न येणाऱ्यांनाही इथे संधी मिळते, आणि जिंकली एक ताई, दोरीपासून ३८ सेंटिमीटरवर. नियरेस्ट द पिन चारही पार-३ वर. खुंटीला अडकवलेल्या कार्डावर नाव आणि अंतर लिहायचं असतं. सोबत बॉलपेन ठेवलं होतं. सकाळच्या दवात ओल्या कार्डावर बॉलपेन उमटत नाही. तिसऱ्यावरचं पहिलं नाव कुणालाच वाचता आलं नाही. पेन्सिल किंवा मार्कर, आणि कार्डाला प्लास्टिकचं पाकीट: खर्च दोन डॉलर.

कोर्सची अवस्था चांगली होती. फेअरवे टणक, चेंडू पडल्यावर वीस-पंचवीस मीटर सहज धावतो, तेव्हा एरवीपेक्षा कमी पल्ल्याचा क्लब घ्यावा. ग्रीन वेगवान, खळीच्या वरच्या बाजूला राहिलात तर पटिंगचे तीन फटके ठरलेले. प्रत्येक कार्टला आणि ढकलगाडीला वाळूची बादली दिली होती. फटक्याने निघालेल्या खळग्यात वाळू भरून पायाने सपाट करायची, ही इथली शिस्त आणि ती पाळली जाते. उन्हाळ्यात पाण्याच्या कडेच्या उंच गवतात हात घालायचा नाही, टायगर स्नेक असतात. चेंडू सापाशेजारी सापडला तर बिनदंड सुरक्षित जागी टाकता येतो, त्यासाठी नियमच आहे, १६.२. शौर्य दाखवायची गरज नाही. कार्टवर ठेवलेला खाऊ मात्र झाकून ठेवा. इथले डोमकावळे पिशवीची चेन उघडतात. दहाव्याच्या टीवर एका चौकडीचा चिवडा त्यांनी पिशवीसकट पळवला.

नवव्यानंतरचं पाणी हा दिवसातला सर्वांत मोठा गाफीलपणा. पारा चौतिसाच्या वर, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ फक्त पहिल्या आणि दहाव्या टीजवळ. शॉटगनमध्ये अकराव्यावरून निघालेल्या चौकडीला पहिला नळ भेटतो तो आठ होल खेळून झाल्यावर. माणशी दोन लिटर घरूनच न्यावं.

बार्बेक्यू ठीकठाक. सॉसेज, परतलेला कांदा, पाव, कोलस्लॉ, आणि एका ट्रेमध्ये पनीर टिक्का. सभासदांची यादी पाहूनच कुणीतरी विचार केला असणार. शाकाहारी सॉसेजही होतं, पण त्याच तव्यावर, त्याच चिमट्याने. चौसष्टांत दहा-बारा शाकाहारी असतील तर एक छोटी वेगळी प्लेट पेटवायला काय जातं? तक्रार झाल्यावर त्यांनी फॉइल पसरलं, ते तसं आधीही पसरता आलं असतं. कॉफी पहाटे सव्वासहालाच तयार होती, याचे गुण वेगळे.

बक्षीस समारंभ दोनचा होता, तो तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. बॉल रन-डाउन, म्हणजे गुणांच्या क्रमाने वरच्या पंधरा-वीस जणांना एकेक चेंडू, ही इथली आवडती रीत. मधल्या फळीतले खूश होतात. शेवटी येणाऱ्याला लाकडी चमचा. शिवाय दिवसातल्या सर्वांत फजितीच्या फटक्याला ‘नागा’ नावाचं बक्षीस. इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती, पूर्ण रूप इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत नागा म्हणजे खाडा, आणि योगायोग असा की ते मिळालं ज्याने टीवर मोठ्ठा फटका मारला आणि चेंडू जागचा हललाच नाही त्याला.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर नोंदणी ऑक्टोबरमध्येच करा. अर्जात आपण कोणत्या टीवरून खेळणार ते लिहा, आणि सकाळी कार्ड हातात पडलं की त्यावरचा दैनिक हँडिकॅप त्याच टीचा आहे का ते क्लबहाउसच्या भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहा. तो तक्ता प्रत्येक कोर्सवर असतो. बाराव्याच्या आसपासची सुरुवात मिळाली तर नशीब समजा. तिथली कोंडी तयार होईस्तोवर तुम्ही पुढे निघून गेलेले असता.

दुरुस्त निकाल मंगळवारी ईमेलने आला. ४० गुणांचे सभासद पहिले. ३९ वर दोघे, त्यांपैकी एक तेच आधीचे विजेते. बरोबरी काउंटबॅकने, म्हणजे शेवटच्या नऊ होलच्या गुणांवरून सोडवली; शॉटगन असली तरी त्यासाठी छापील १० ते १८ होलच धरतात, खेळाडूने शेवटी खेळलेले नऊ नाहीत. त्यात आधीचे विजेते १८ विरुद्ध १९ असे मागे पडून तिसरे आले. क्षमायाचना दोन ओळींची पण स्वच्छ होती, चूक कशी झाली ते टीच्या रंगासकट सांगणारी. चषकावर नाव अजून कोरलं नव्हतं, त्याचा मानकरी बदलला. सात किलोचा हॅम मात्र रविवारीच कापून झाला होता, त्याचा विषय कुणी काढला नाही.